ड्रग टेस्ट किट (३ कपांचा पॅक) आणि एक लॅब : पोरगा पास, बाप नापास

आधीच सांगतो, रिव्ह्यू लांब होणार आहे. किट मागवण्याआधी मी दोन रात्री बसून मराठीत कोणी काही लिहिलंय का शोधत होतो, एक ओळ सापडली नाही. जे सापडले ते सगळे "गुड प्रॉडक्ट, फास्ट डिलिव्हरी". अरे बाबांनो, फास्ट डिलिव्हरीचं काय लोणचं घालू? टेस्ट खरं बोलते की खोटं ते सांगा ना.

तर मी म्हापशाचा, हार्डवेअरचं दुकान, वय ५२. चिरंजीव २० वर्षांचे, कॉलेजच्या टीममध्ये लेफ्ट बॅक. मीसुद्धा कॉलेजात गोलकीपर होतो, त्यामुळे घरात फुटबॉल हा देव्हाऱ्याच्या खालोखाल. आमच्या वेळी डोपिंग म्हणजे मॅच संपल्यावर कोणाच्या तरी काजूच्या बागेत बसून हुर्राक (काजूची हलकी दारू), आणि गुडघा दुखत असला तर ओळखीच्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन, त्यात काय होतं ते ना आम्ही विचारलं ना त्याने सांगितलं.

झालं असं की इंटर-कॉलेज स्पर्धेच्या आधी कोचनी पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज टाकला, की यंदा टेस्टिंग होऊ शकतं, मुलांनी "नको त्या गोष्टींपासून" लांब राहावं. एवढंच. आता नको त्या गोष्टी म्हणजे कुठल्या ते कोण सांगणार, त्यावर ४७ हात जोडलेले इमोजी आले आणि विषय संपला. पण माझ्या डोक्यात किडा वळवळायला लागला. गोव्याचं नाव काढलं की बाहेरच्या माणसाला आधी ड्रग्सच आठवतात, आपल्याला त्याचा राग येतो, पण रात्री साडेअकराला पोरगा घरी आला की आपणच दारात त्याचा शर्ट हुंगतो. त्यात त्याच्या किट-बॅगेत बूट ठेवायच्या कप्प्यात एक काळा डबा मिळाला, आत गुलाबी पावडर. बायको म्हणाली, अहो रसना असेल. रसना बुटांच्या कप्प्यात कोण ठेवतं?

म्हणून हे किट. ३ कपांचा पॅक, मला १,४५० ला पडला. ऑनलाइन पानावर मोठ्या अक्षरात "अमेरिकन कॉलेज फुटबॉल टीम वापरतात तसं" असं लिहिलेलं, ह्या वाक्याचा समाचार पुढे घेतो.

पॅकिंग चांगलं होतं, बाहेर फक्त "हेल्थ केअर" लिहिलेलं, कुरिअरवाल्याला काही कळलं नाही. आत प्रत्येक कप वेगळ्या पाकिटात सीलबंद. कपाच्या एका बाजूला सहा उभ्या पट्ट्या, गांजा, कोकेन, मॉर्फिन, ॲम्फेटामिन, मेथ आणि झोपेच्या गोळ्यांच्या जातीतलं बेंझो. दुसऱ्या बाजूला तापमानाची पट्टी, ३२ ते ३८ डिग्री, म्हणजे सॅम्पल ताजं आहे की कोणीतरी फ्रिजातलं पाणी भरलंय ते कळतं, पण चार मिनिटांच्या आत बघावं लागतं, नंतर सगळंच गार. हे मला आवडलं. माहितीपत्रक मात्र मुंगीच्या अक्षरात, चष्मा लावून वर मोबाईलचा टॉर्च मारून वाचलं, तरी नेमकी महत्त्वाची ओळ सुटली, त्याचं रामायण आता येतंय.

रविवारी सकाळी, पोदेर, म्हणजे पाववाला, भोंगा वाजवून गेला होता, पाव टेबलावर, आणि मी विषय काढला. पोरगा आधी गप्प. मग म्हणाला, "बाबा, मी वीस वर्षांचा आहे, नाही म्हटलं तर तुम्ही काही करू शकत नाही. करतो. पण मग तुम्ही पण करायची." मी म्हटलं त्यात काय, कर.

तो कप घेऊन बाथरूममध्ये गेला, मी बाहेर उभा, आपल्याच घरात आपल्याच पोराच्या बाथरूमबाहेर घड्याळ लावून उभं राहायला कसं वाटतं ते ज्याने केलंय त्यालाच कळेल. कप बाहेर आला तेव्हा गरम होता, मी दोन बोटांत धरून सोप्यावर जुना पेपर पसरून ठेवायला गेलो तर ही आतून ओरडली, "तुळशीसमोर नको, आत न्या ते!" मग स्वयंपाकघरही नको, देवाची खोली तर नकोच, शेवटी धुण्याच्या दगडावर ठेवला आणि तिघं त्याच्याभोवती उभे. पाच मिनिटं. तापमान ३६ वर हिरवं. पट्ट्यांवर हळूहळू ओल चढली, रेघा यायला लागल्या, प्रत्येक पट्टीवर दोन, वरची कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालतेय एवढंच सांगणारी, आणि खालची टेस्टची.

आता आपल्या डोक्यात काय बसलंय? कोविडचं किट. दोन रेघा म्हणजे पॉझिटिव्ह. सहाच्या सहा पट्ट्यांवर दोन दोन रेघा बघून मला घामच फुटला, म्हटलं ह्याने काहीच सोडलेलं नाही की काय! पोराने शांतपणे माहितीपत्रक उचललं आणि दाखवलं. इथे उलटं असतं. पट्टीवर जिथे रेघ उमटायची तिथे त्या ड्रगचाच नमुना चिकटवून ठेवलेला असतो, आणि लघवीबरोबर वर चढणारे रंगीत कण त्याला जाऊन बिलगले की रेघ दिसते. लघवीत ड्रग असलं तर ते कण वाटेतच त्याला बिलगतात आणि रेघेपर्यंत पोचतच नाहीत. म्हणजे खालची रेघ आली तर माणूस साफ, रेघ गायब तर गडबड. हे वाक्य डब्यावर मोठ्या अक्षरात छापायला काय जातं हो? दोन स्टार इथेच कापावेसे वाटले.

पण गांजाच्या पट्टीवरची खालची रेघ फिकी होती. अगदी केसाएवढी. बाकीच्या ठसठशीत आणि ही अशी, पेन्सिलने ओढून खोडल्यासारखी. मी परत सुरू, "ही का फिकी? बोल!" तो म्हणाला, फिकी असली तरी रेघ ती रेघ, निगेटिव्हच धरतात, लिहिलंय खाली. लिहिलेलं होतं. पण माझं मन मानेना, आणि हा ह्या किटचा दुसरा खरा दोष, की संशयी बापाच्या हातात फिकी रेघ म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. गांजाची मर्यादा ह्या कपात ५० नॅनोग्रॅमची आहे, एका मिलिलिटर लघवीमागे, त्याच्या वर गेलं तरच रेघ जाते, फिकेपणावरून किती प्यायला, कधी प्यायला ते काही कळत नाही. एखाददा ओढणाऱ्याचं तीन-चार दिवसांत निघून जातं, रोजच्याचं महिनाभरसुद्धा दिसतं, कारण ते चरबीत साठतं. कोकेन मात्र दोन-चार दिवसांत साफ. म्हणजे शनिवारी कोकेन घेतलेला पुढच्या शनिवारी पास आणि महिन्यापूर्वी गांजा सोडलेला नापास, असं हे गणित.

मग माझी पाळी. आयुष्यात विडीला हात लावला नाही, हुर्राक सोडून काही नाही, म्हणून ऐटीत गेलो. कप दगडावर ठेवला. पाच पट्ट्यांवर दोन दोन रेघा. मॉर्फिनच्या पट्टीवर एक.

एकच. खालची जागा कोरी. उन्हात नेऊन बघितलं, तिरका करून बघितलं, नाही ती नाहीच. पोरगा आधी हसला नाही, मग इतका हसला की खाली बसला.

मला पहिली आठवली खसखस. कारण खसखस आणि अफू एकाच झाडाची, हे मला ठाऊक होतं, आणि आदल्या रात्री घरी कोंबडीची शागोती झाली होती, तिच्या मसाल्यात भाजलेली खसखस असतेच. मी तसं बोललो मात्र, ही अशी काही भडकली! "तीस वर्षं तुम्हाला शागोती घालतेय, आता माझ्या शागोतीत ड्रग्स?" त्या दिवशी दुपारी जेवायला नुसता वरणभात मिळाला.

बरं, खसखशीची शंका अगदीच खुळी नव्हती. अमेरिकेत सरकारी नोकरीच्या टेस्टमध्ये ही मॉर्फिनची मर्यादा आधी ३०० नॅनोग्रॅम होती, ती १९९८ साली थेट २००० केली, त्याचं एक कारण हेच की खसखस लावलेले पाव-केक खाणारे लोक फुकट अडकत होते. माझ्या कपावर अजून ३०० च आहे. खसखस खाणाऱ्या देशात ३०० चं किट विकायचं म्हणजे कमालच आहे.

दुसऱ्या दिवशी दोघं लॅबमध्ये. लॅबचं नाव घेत नाही, पणजीत आहे एवढं पुरे. वेबसाइटवर "स्पोर्ट्स ड्रग पॅनेल, कन्फर्मेशनसह", माणशी २,६००, दोघांचे ५,२००. काउंटरवरच्या मुलीने भर गर्दीत आवाज दिला, "ड्रग टेस्टवाले दोघे कोण?" बाकावर पंधरा माणसं, त्यातली एक बाई आमच्या गिऱ्हाइकाची आई. मी मोबाईलमध्ये बघत बसलो, पोरगा उठला आणि म्हणाला, "आम्हीच. बाबा, चला." माझ्यापेक्षा मोठा निघाला त्या क्षणी.

सॅम्पल घेण्याची पद्धत सांगतो, कारण पैसे त्याचेच दिले होते. साधी प्लॅस्टिकची डबी, वर मार्करने नाव, तेही चुकीचं. ओळखपत्र कोणी मागितलं नाही, आत कोणी आलं नाही, तापमान कोणी बघितलं नाही, भरलेली डबी उघड्या ट्रेमध्ये इतर दहा डब्यांच्या शेजारी ठेवा म्हणाले. मी तिथे शहाळ्याचं पाणी भरून दिलं असतं तरी चाललं असतं.

खऱ्या डोप टेस्टला काय करतात ते पोराने गाडीत सांगितलं, त्याच्या टीममधला एक जण नॅशनलला जाऊन देऊन आलाय. आपल्याच लिंगाचा अधिकारी समोर उभा राहून बघतो, अक्षरशः बघतो, शर्ट छातीपर्यंत वर आणि पँट गुडघ्यापर्यंत खाली. कमीत कमी ९० मिलिलिटर लागतं, मॅच खेळून अंगातलं पाणी गेलेलं असतं त्यामुळे कधी कधी दोन-दोन तास बसावं लागतं. मग खेळाडू स्वतः ते दोन काचेच्या बाटल्यांत ओततो, ए आणि बी, स्वतः झाकण फिरवून सील करतो, ते झाकण एकदा बसलं की तोडल्याशिवाय निघत नाही. नंबर लिहितात, नाव नाही. दिल्लीच्या लॅबमध्ये ए उघडतात, बी तशीच ठेवतात, भांडण झालं तर त्यासाठी. त्या दिल्लीच्या लॅबचीही मान्यता वाडाने, म्हणजे डोपिंग रोखणाऱ्या जागतिक संस्थेने, २०१९ ला काढून घेतली होती, २०२१ च्या डिसेंबरात परत मिळाली, तेव्हा तिथेही सगळं सोन्याहून पिवळं होतं असं नाही. २०२३ ला आपल्याकडे नॅशनल गेम्स झाल्या त्यातले वीसहून जास्त खेळाडू नंतर पॉझिटिव्ह निघाल्याच्या बातम्या आल्याच होत्या, फातोर्ड्याच्या स्टेडियमवर जाऊन आपण टाळ्या वाजवत होतो.

रिपोर्ट २४ तासांत सांगितला होता, आला चौथ्या दिवशी. पोराचं सगळं निगेटिव्ह, गांजासकट. माझं "ओपिएट्स : पॉझिटिव्ह", आणि खाली बारीक अक्षरात "स्क्रीनिंग पद्धत, कन्फर्मेशन करून घ्यावे." अहो पण कन्फर्मेशनचेच तर पैसे भरलेत! फोन केला तर म्हणाले कन्फर्मेशन बाहेरच्या राज्यात पाठवावं लागतं, त्याचे ३,५०० वेगळे. म्हणजे ह्यांनी ५,२०० घेऊन जे केलं ते माझ्या धुण्याच्या दगडावर झालं होतंच. कन्फर्मेशन म्हणजे मशिनमधून एकेक रेणू सुटा करून त्याचं वजन मोजतात, त्यात नेमकं काय पोटात गेलंय ते नावानिशी कळतं. पट्टीला फक्त "ह्याच खानदानातलं काहीतरी" एवढंच कळतं.

खानदानातलं काय ते शेवटी हिनेच शोधलं. फ्रिजच्या वरून खोकल्याच्या औषधाची बाटली उचलली, डॉक्टरने दिलेलं, मी चार रात्री घेत होतो, आणि विसरूनही गेलो होतो. बाटलीवर लिहिलेलं, कोडीन फॉस्फेट. कोडीन पोटात गेलं की शरीर त्यातलं थोडं मॉर्फिन करतं. बाटली माझ्यासमोर ठेवून ती काहीही बोलली नाही, ते जास्त लागलं. औषध बंद केलं, पुढच्या शनिवारी मुद्दाम शागोती करायला लावली, रविवारी सकाळी तिसरा कप वापरला. सहाच्या सहा पट्ट्यांवर दोन दोन रेघा, मॉर्फिनची सगळ्यात ठसठशीत. तिने तो कप अर्धा तास टाकू दिला नाही.

म्हणजे किट चोख निघालं, ते कबूल करायला हवं. जे दिसायला हवं ते दाखवलं, गेलं तसं गेलेलंही दाखवलं. पण त्याच रात्री पोरगा माझ्या शेजारी येऊन बसला आणि म्हणाला, "बाबा, रागावू नका, पण तुम्ही चुकीच्या ठिकाणी शोधताय. आमच्या टीममध्ये भीती गांजाची नाहीय."

मग त्याने सांगितलं. जिममध्ये एक सिनियर मॅचच्या आधी मेफेंटरमाइनचं इंजेक्शन घेतो. हे औषध ऑपरेशन टेबलवर ब्लड प्रेशर खाली गेलं तर देतात, पण तिकडे महाराष्ट्रात जिमच्या पोरांना विकताना पोलिसांनी कितीदा धाडी टाकल्यात. डोळे तारवटतात, दम लागत नाही असं वाटतं, छाती मात्र ढोलासारखी वाजते. दोन-तीन मुलं घोटा दुखतो म्हणून मॅचच्या आधी ट्रामाडॉल गिळतात, एकमेकांकडे मागून, चिंगमसारखं. ट्रामाडॉल १ जानेवारी २०२४ पासून मॅचच्या दिवशी बंदी असलेल्यात आहे, हे त्यातल्या एकालाही माहीत नाही. आणि बुटांच्या कप्प्यातला तो डबा म्हणजे प्री-वर्कआउट, व्यायामाआधी पाण्यात घालून प्यायची पावडर, ८०० रुपयांत कोणीतरी सुटा विकलेला. लेबलवर "एनर्जी ब्लेंड" असं लिहून पुढे काय काय किती किती ते काही नाही. ह्यानेही दोनदा घेतला, हात थरथरायला लागले, मग सोडला, पण टाकवेना कारण पैसे दिले होते. (हे मात्र माझ्यावर गेलंय.) नुसतं कॅफीन असतं तर हरकत नव्हती, ते २००४ पासून बंदीत नाही. पण असल्या डब्यांत मिथाइलहेक्सानामीन नावाचं बंदी असलेलं उत्तेजक निघतं, २०१० च्या दिल्ली कॉमनवेल्थच्या तोंडावर आपले पैलवान आणि पोहणारे त्यातच अडकले होते. डब्यावर त्याचं नाव कधी कधी "जिरेनियम अर्क" असंही असतं, वाचणाऱ्याला वाटतं फूल आहे.

आता मोजा, इंजेक्शन, ट्रामाडॉल, डबा. माझ्या १,४५० च्या किटात ह्यातल्या एकाचीही खास पट्टी नाही. स्टेरॉइडचीही नाही.

इथे ते "अमेरिकन कॉलेज फुटबॉल टीम वापरतात तसं" आलं. आधी एक, त्यांचं फुटबॉल वेगळं, हेल्मेटवालं, लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं, त्यातले पुढच्या फळीचे गडी १३०-१४० किलोचे, त्यामुळे तिथली दुखणी स्टेरॉइडची. त्यांची कॉलेज खेळांची मोठी संघटना, एनसीएए, तिने टेस्टिंग १९८६ ला सुरू केलं, आणि पहिल्याच हंगामात ओक्लाहोमाचा ब्रायन बॉसवर्थ नावाचा स्टार स्टेरॉइडमध्ये सापडला, १ जानेवारी १९८७ ची ऑरेंज बोल मॅच त्याला खेळू दिली नाही. तर हा पठ्ठ्या साइडलाइनवर एक टी-शर्ट घालून उभा राहिला, एनसीएए म्हणजे "खेळाडूविरोधी राष्ट्रीय कम्युनिस्ट" अशा अर्थाचा. आपल्याकडे असं कोणी दुलेरच्या मैदानावर केलं तर प्रिन्सिपल पालकांना बोलावतील. पुढे १९९० पासून तिथे वरच्या डिव्हिजनच्या फुटबॉलमध्ये वर्षभर केव्हाही टेस्ट, आणि स्टेरॉइडसारखं काही सापडलं की पहिल्याच वेळी आख्खं वर्ष घरी, त्यात खेळायचा एक हंगाम कायमचा गेला. दुसऱ्यांदा सापडला तर कॉलेजचा खेळच संपला.

आणि गांजा? २०२२ ला त्यांनी मर्यादा ३५ वरून १५० नॅनोग्रॅम केली, आणि जून २०२४ ला डिव्हिजन वनने, म्हणजे त्याच वरच्या डिव्हिजनने, गांजा बंदीच्या यादीतूनच काढून टाकला, कारण सरळ आहे, त्याने कोणी जास्त जोरात पळत नाही, ते आरोग्याचं प्रकरण आहे म्हणाले, कॉलेजने आपापलं बघावं. म्हणजे ज्यांच्या नावावर हे किट विकतात त्यांनी ह्या किटातली पहिलीच पट्टी सोडून दिलीय. आपल्याकडे तसं नाही हं, नाडा, म्हणजे डोपिंग रोखणारी आपली राष्ट्रीय संस्था, वाडाची यादी चालवते, तिथे मॅचच्या दिवशी गांजा अजून बंदीतच आहे, मर्यादा १५० ची, शिवाय अमली पदार्थांचा एनडीपीएस कायदा वेगळा. तेव्हा पोरांनी हे वाचून उड्या मारू नयेत.

आपल्या फुटबॉलचं म्हणाल तर आपल्या फुटबॉलमध्ये माणूस गोळी-पुडीतच घसरतो. १९९४ चा वर्ल्ड कप, मॅराडोना, इफेड्रिन नावाचं उत्तेजक, आम्ही त्या रात्री वाड्यावर जेवलो नव्हतो. कॅमेरूनचा ओनाना, गोलकीपर, माझ्याच जातीचा म्हणून जास्त वाईट वाटलं, २०२१ ला बायकोची गोळी आपली समजून घेतली, त्यात फ्युरोसेमाइड निघालं, ते स्वतः काही वाढवत नाही पण लघवी पातळ करून दुसरं लपवता येतं म्हणून बंदीत, आधी १२ महिने, अपिलात ९. फ्रान्सचा पोग्बा तर ४ वर्षं, मग १८ महिने, तोही सप्लिमेंटचंच सांगत होता. कोलो तुरे, बायकोच्या वजन कमी करायच्या गोळ्या, ६ महिने. हे मी बायकोला वाचून दाखवलं तर म्हणाली, "बघा, सगळीकडे दोष बायकोच्या डब्याला."

मग पोराने मोबाईलवर नाडाचं नो युवर मेडिसिन ॲप काढलं. फुकट. औषधातल्या घटकाचं नाव टाकायचं, ते सांगतं चालेल की नाही, मॅचच्या दिवशी की कायमच. आम्ही फ्रिजच्या वरची सगळी टोपली खाली घेतली आणि बसलो तिघं. पॅरासिटामोल चालेल. माझ्या बाटलीतलं कोडीन चालेल! मी ज्यात पॉझिटिव्ह आलो ते फुटबॉलमध्ये चालतं, घ्या. पण शेजारीच दुसरी खोकल्याची बाटली होती, लाल झाकणाची, पोरगा लहानपणापासून सर्दी झाली की तीच घेतो, त्यात टर्ब्युटालिन, श्वासनलिका मोकळी करणारं औषध, ॲपवर लाल शेरा, बंदी, मॅच असो नसो. हे कुठल्याही फार्मसीत मागितलं की मिळतं. माझं किट त्यावर दोन दोन रेघा दाखवून गप्प बसलं असतं.

ती बाटली त्याने स्वतः मोरीत ओतली. डबाही ओतला, मोरी गुलाबी झाली.

तर स्टार. किटला ३. काम चोख, पण "रेघ म्हणजे साफ" हे मोठ्या अक्षरात छापा, मॉर्फिन ३०० वर ठेवू नका, आणि अमेरिकन कॉलेजचं नाव काढून टाका. खेळाडूच्या आईबापांनी घ्यावं का? गांजा-कोकेनची शंका मनातून जात नसेल तर घ्या, पण आधी स्वतः करून बघा, मगच पोराला सांगा. डोपिंगसाठी घेत असाल तर पैसे वाचवा आणि ॲप टाका. लॅबला १, तोही शून्य देता येत नाही म्हणून. कन्फर्मेशनचे पैसे परत मागितलेत, "प्रोसेसमध्ये" आहे म्हणतात.

शुक्रवारी, म्हणजे बाजाराच्या दिवशी, दुकानात पाय ठेवायला जागा नाही, मी वजनकाट्यावर खिळे घालत होतो, दोन्ही हात अडकलेले, म्हणून फोन स्पीकरवर घेतला. गोड आवाज. "सर, लॅबमधून बोलतेय, तुमच्या ड्रग टेस्टचा अनुभव कसा होता?" काउंटरवर आठ माणसं होती. एकाने उधारी मागायला तोंड उघडलं होतं, ते त्याने मिटलं आणि रोख पैसे देऊन गेला.